कडेवर पोर घेऊन पहिली क्रूझ: सिंगापूरची सहल कशी आखावी

क्रूझ म्हटलं की घरातल्या मोठ्या माणसांना भूमध्य समुद्र, सँटोरिनीची पांढरी घरं वगैरे दिसायला लागतं. माझा सल्ला थोडा अरसिक आहे. मुलं सहाच्या आतली असतील तर पहिली क्रूझ सिंगापूरहून करा, तीन किंवा चार रात्रींची करा, आणि वाटेत लागणारी बंदरं बघायचीच असा हट्ट धरू नका. मुंबईहून सिंगापूरला थेट विमानाने साडेपाच तास लागतात, म्हणजे एक रात्रीची झोप. युरोपच्या क्रूझसाठी शेंगेन व्हिसा, दुप्पट प्रवास आणि सात-आठ रात्रींचा खर्च, आणि एवढं करून तीन वर्षांच्या मुलाच्या लक्षात काय राहणार, तर जहाजावरचं आइस्क्रीमचं मशीन. तसं मशीन सिंगापूरच्या जहाजांवरही असतं.

आम्ही गेलो तेव्हा थोरला सहा वर्षांचा होता आणि धाकटी दोनची. सोबत सासूबाई. पुढे जे लिहिलंय त्यातलं निम्मं आम्ही चुकून शिकलो.

बुकिंगच्याही आधी: बोट लागते का?

गाडी लागणाऱ्या मुलाला बोट लागेलच असं नाही, पण लाखभर रुपये भरण्याआधी हे तपासता येतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास. एक रविवार त्याला द्या. मोठं क्रूझ जहाज यापेक्षा कितीतरी कमी हलतं, त्यामुळे इथे मूल मजेत असेल तर तिथे चिंता नाही. दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा बोट लागत नाही. त्रास होतो तो मुख्यतः दोन ते बारा या वयात. औषध न्यायचं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. आपल्याकडे घरोघरी असलेल्या ॲव्होमिनमधलं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नसतं, आणि मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देणं हा उपाय नव्हे.

सिंगापूर सुचवण्यामागे समुद्र हेही एक कारण आहे. सिंगापूर ते मलेशियातलं पेनांग हा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळे तिथे मोठ्या लाटा क्वचितच उठतात. थायलंडचं फुकेत मात्र अंदमान समुद्रात येतं. मे ते ऑक्टोबरच्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांत तिथला समुद्र खवळलेला असू शकतो.

सर्वांत लहान मुलाच्या वयावरून जहाज निवडा

जहाजाची लांबी आणि पाण्याच्या घसरगुंड्या या गोष्टी जाहिरातीत दिसतात. तुमची सहल मात्र तीन वयोमर्यादांवर ठरते, आणि त्या नियमांच्या पानावर बारीक अक्षरांत असतात.

पहिली मर्यादा बोर्डिंगची. रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांच्या बहुतेक फेऱ्यांना बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं, आणि लागोपाठ बरेच दिवस समुद्रातच असणाऱ्या लांब फेऱ्यांना वर्षाचं. वय मोजतात ते जहाजात चढायच्या दिवशी, तिकीट काढायच्या दिवशी नाही.

दुसरी मुलांच्या क्लबची. बहुतेक जहाजांवर हा क्लब तीन वर्षांपासून पुढे, आणि मूल स्वतः शी-शू सांगणारं हवं. त्याहून लहान मुलांसाठी काही जहाजांवर पैसे देऊन पाळणाघर असतं, काहींवर फक्त आईबाबांनी सोबत बसून खेळवायची खोली.

तिसरी मर्यादा कुणी सांगत नाही आणि तीच सगळ्यांत जास्त रडवते: डायपर घालणाऱ्या मुलांना बहुतेक जहाजांवर पोहण्याच्या तलावात उतरता येत नाही. पोहण्याचे खास डायपरही चालत नाहीत. आमच्या धाकटीने काठावर उभं राहून भावाला पाण्यात बघितलं आणि जो टाहो फोडला तो पाचव्या डेकपर्यंत गेला असेल. काही मोठ्या जहाजांवर बाळांसाठी वेगळा छोटा पाण्याचा कोपरा असतो. तो आहे का, हे बुकिंग करणाऱ्याला नेमकं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

मूल पावणेतीनचं असेल तर मी म्हणेन, सहा महिने थांबा. डायपर सुटेल, क्लब मिळेल, तलाव मिळेल. तेवढ्याच पैशांत दुप्पट सहल होईल.

सिंगापूरहून रॉयल कॅरिबियनची जहाजं हंगामानुसार निघतात. जेंटिंग ड्रीम हे जहाजही तिथूनच, आणि त्यावर भारतीय शाकाहारी जेवणाची सोय चांगली असते. डिस्नीने आशियातल्या जहाजासाठी सिंगापूरच निवडलं, आणि त्याच्या फेऱ्या वाटेत कुठल्याही बंदराला न लागता परत येणाऱ्या आखल्या. काही जणांना हे फसवणुकीसारखं वाटतं. लहान मुलं असणाऱ्यांना ती सोय आहे. सकाळी सातला उठून कुणाला बूट घालायचे नाहीत.

सुट्टी कधीची धरावी

सिंगापूरच्या शाळांची मधली मोठी सुट्टी मेअखेरीपासून जूनभर असते आणि वर्षअखेरीची नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून. त्या काळात जहाजं भरतात आणि भाडी चढतात. आपल्याकडे शाळा एप्रिलअखेरीस बंद होतात. म्हणजे मेचा पहिला पंधरवडा हा आपला: आपल्या मुलांना सुट्टी, त्यांच्या मुलांना शाळा. दिवाळीची सुट्टीही बहुतेक वर्षी त्यांच्या सुट्टीआधी येते. शक्य असेल तर सोमवार ते गुरुवारची फेरी बघा, शुक्रवारी निघणाऱ्या फेऱ्यांना स्थानिक गर्दी जास्त.

कागदपत्रं, आणि त्यांचा खरा क्रम

पासपोर्टपासून सुरुवात करा, तीही चार महिने आधी. लहान मुलाच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षांचीच असते हे आपण विसरतो. बाळ असताना काढलेला पासपोर्ट नेमका सहल ठरते तेव्हा संपत आलेला असतो, आणि प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने तो चालू हवा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यावर बाळाचं नाव घातलंय ना, ते आजच बघा. पुष्कळ घरांत तो दाखला बारशाआधीचा, नाव नसलेलाच पडून असतो. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच काढून पासपोर्ट सेवा केंद्रात न्यायचा असतो. आठ वर्षांखालच्या मुलांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात १० टक्के सूट आहे.

मग व्हिसा. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो आणि तो सहसा अधिकृत एजंटमार्फतच मिळतो. एजंटला पहिल्याच वाक्यात सांगा की आपण क्रूझला जातोय. तुम्ही सिंगापुरात विमानाने शिरता, जहाजाने बाहेर पडता आणि पुन्हा शिरता, म्हणून एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा हवा. शिवाय एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरतानाचा सरकारी फॉर्म, पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, प्रत्येक माणसाचं वेगळं, तान्ह्या बाळाचंही. ते पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते बंद करा. जहाजावरून परत सिंगापुरात उतरतानाही ते पुन्हा भरायचं असतं, आणि यात भले भले अडकतात.

मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून व्हिसामाफी दिली, थायलंडने त्याच वर्षीच्या १० नोव्हेंबरपासून. पण हे नियम सरकारं अधूनमधून फिरवतात, त्यामुळे बुकिंगच्या आठवड्यात एकदा आणि निघायच्या महिनाभर आधी पुन्हा एकदा त्या देशांच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. आपण जहाजातून खाली उतरणार नसलो तरी वाटेतल्या देशाचे कागद नसतील तर कंपनी चढू देत नाही.

आई किंवा बाबा एकटेच मुलांना नेत असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र आणि जन्मदाखल्याची प्रत जवळ ठेवा.

खोली कुठली घ्यायची

जहाजावरची खोली म्हणजे केबिन. आतली, खिडकीची, बाल्कनीची, असे प्रकार. बाल्कनीचा मोह होतो. पण माकडासारखं चढणारं तीन वर्षांचं मूल असेल तर बाल्कनीचं दार चार दिवस कडी लावून बंदच राहतं, मग तिचे पैसे कशाला? आमचं मत खिडकीच्या केबिनला पडलं. आतल्या केबिनचा एक गुण मात्र सांगायला हवा: तिथे इतका मिट्ट काळोख होतो की दुपारी मुलं गाढ झोपतात.

जागा निवडताना मधला भाग आणि खालचे डेक घ्या, तिथे जहाज सगळ्यांत कमी हलतं. नकाशात वर आणि खाली काय आहे ते बघा. वर नाचाचा हॉल आला तर रात्री बारापर्यंत छत थरथरतं. बाळाचा पाळणा बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. चौघांच्या केबिनमध्ये दोन जणांचे पलंग बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली येणारे असतात, आणि वरच्या पलंगावर लहान मुलाला झोपवता येत नाही. आजी सोबत असतील तर शेजारची केबिन घ्या. एका केबिनमध्ये पाच जण आणि एकच बाथरूम, हा प्रयोग नको.

जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

जाहिरातीतलं भाडं दर माणशी असतं, तेही एका केबिनमध्ये दोघं राहतात असं धरून. तिसऱ्या-चौथ्याला कधी सवलत मिळते, पण बंदराचे कर त्यांनाही पूर्ण लागतात. त्यावर येते बक्षिसी, म्हणजे ग्रॅच्युइटी. ती ऐच्छिक वाटते पण बिलात आपोआप लागते: माणशी रोज साधारण १५ ते २० अमेरिकी डॉलर, मुलांचीही. १६ डॉलर धरले तरी चौघांचे तीन रात्रींचे १९२ डॉलर होतात. मग वायफाय, बंदरावरच्या सहली, बाटलीबंद पेयं, विमान, व्हिसा, आधीची एक रात्र हॉटेल. सहल कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएसही, म्हणजे विक्रेता आपल्याकडून आगाऊ गोळा करतो तो कर, कापतात. तो पुढे आयकरात वळता करता येतो, पण आत्ता खिशातून जातोच.

विमा घेताना पॉलिसीत क्रूझचा उल्लेख आहे का आणि जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च धरलाय का, एवढं वाचा. जहाजावर डॉक्टर असतात, पण त्यांची फी डॉलरमध्ये आणि लगेच.

आणखी एक छुपा खर्च फोनचा. भर समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर तुमच्या सिंगापूरच्या रोमिंग पॅकमध्ये नसतात. जहाज सुटायच्या आधी सगळ्यांचे फोन विमान मोडवर. आजींचाही, कारण तिकडून मावशींचा व्हिडिओ कॉल येणारच.

बॅगेत काय, आणि काय अजिबात नाही

किटली, इस्त्री, भाताचा कुकर, वायरचं एक्स्टेन्शन: आगीच्या भीतीने ही सगळी जहाजावर जप्त होतात. घरी शिजवलेलं खाणंही पुष्कळ जहाजांवर नेता येत नाही, म्हणून धपाट्यांचा डबा विमानापुरताच. बंद पाकिटातलं बाळाचं खाणं, दुधाची पावडर आणि कारखान्यात सील केलेला कोरडा खाऊ सहसा चालतो. गरम पाणी बुफेमधून थर्मासमध्ये भरून आणायचं.

एक इशारा खास आपल्या स्वयंपाकघरासाठी. सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अनारसे, खसखस लावलेले लाडू, आईने प्रेमाने दिलेला खसखशीचा मसाला, हे घरीच ठेवा. च्युइंगगम १९९२ पासून बंद आहे, तंबाखू-गुटखाही नको. कोडीन असलेली खोकल्याची औषधं परवानगीशिवाय नेता येत नाहीत. मुलांची नेहमीची औषधं मूळ बाटलीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

सगळ्यांत महत्त्वाची बॅग पाठीवरची. मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळही होते. तोवर लागणारं सगळं पाठीवर हवं: पोहण्याचे कपडे, औषधं, डायपर, एकेक जोड, पासपोर्ट. आणि चार-पाच फ्रीजचे मॅग्नेट न्या. केबिनची दारं धातूची असतात. थोरल्याने काढलेलं ऑक्टोपसचं चित्र आम्ही दारावर चिकटवलं. एकसारख्या शंभर दारांच्या बोळात धाकटी ऑक्टोपस बघून आपलं घर ओळखायची.

घड्याळाचं गणित

यावर थोडं सविस्तर, कारण परदेशी पालकांचे सल्ले इथे आपल्याला लागू पडत नाहीत. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुख्य भोजनगृहात बहुधा दोन पाळ्या असतात, साडेपाच-सहाची आणि आठच्या आसपासची. सगळीकडे लिहिलेलं असतं की लहान मुलं असतील तर पहिली पाळी घ्या. पण तिथले साडेपाच म्हणजे मुलाच्या पोटातले दुपारचे तीन. नुकतं जेवून उठलेलं मूल पांढऱ्या टेबलक्लॉथवर काट्याने ढोल वाजवतं. दुसरी पाळी आठची, म्हणजे पोटाचे साडेपाच. तेव्हा भूक असते. झोपेचंही तसंच: जहाजावरचे रात्रीचे साडेअकरा म्हणजे आपले नऊ. मूल जागं राहतं म्हणून कावू नका, रात्रीचा कार्यक्रम बघायला न्या. सकाळी साडेनऊला उठलं तरी हरकत नाही, फक्त बुफेचा नाश्ता किती वाजता बंद होतो ते आदल्या रात्री बघून ठेवा. तीन रात्रींसाठी मुलांचं घड्याळ बदलायच्या फंदात आम्ही पडलो नाही, आणि ते बरं झालं.

फुकेतला गेलात तर आणखी एक गोंधळ: थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे. फोन आपोआप तिथली वेळ दाखवेल, जहाज मात्र स्वतःच्या वेळेने सुटेल. मनगटावर एक साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

जेवणाची खास गरज, जैन, कांदा-लसणाशिवाय, शेंगदाण्याची ॲलर्जी, बुकिंगमध्ये नोंदवा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा. धाकटीसाठी मऊ वरण-भात आदल्या रात्री सांगितला की दुसऱ्या दिवशी मिळायचा.

पहिला दिवस

सिंगापुरात एक दिवस आधी पोहोचा. विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. तिथे दोन धक्के आहेत: मरीना बे क्रूझ सेंटर, ज्याच्या जवळचं मेट्रो स्थानक मरीना साउथ पिअर, आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावर कुठला लिहिलाय ते बघा. मोठी जहाजं बहुधा पहिल्यावर लागतात, पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे. हॉटेलवाल्यांना विचारून न लागणारी एक बॅग त्यांच्याकडेच ठेवून गेलात तर जहाजावर मोकळं वाटतं.

चढल्याबरोबर बुफेकडे झुंबड उडते. तुम्ही आधी मुलांच्या क्लबमध्ये नाव नोंदवा, तिथे रांग नसते. मग सुरक्षेची कवायत. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज खडकावर आपटलं, त्यात ३२ जण गेले. काही प्रवासी त्याच संध्याकाळी चढलेले होते आणि त्यांची कवायत व्हायची होती. त्यानंतर ती जहाज सुटण्याआधीच घ्यायचा नियम झाला. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण थोरल्याला इतकी आवडली की घरी आल्यावर महिनाभर चालू होती. लहान मापाचं जीवरक्षक जॅकेट मुलांसाठी आहे ना, हे तिथेच विचारा.

मुलांच्या जहाजाच्या कार्डावरून खरेदी बंद करायला सांगा. सहा वर्षांच्या मुलाला कार्ड दाखवलं की व्हिडिओ गेम सुरू होतो, हे कळायला दहा मिनिटं लागतात. हात मात्र साबणाने धुवा. जहाजांवर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही.

उतरायचं की नाही

पेनांगला उतरा. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला थेट लागतं आणि जॉर्ज टाउन चालत गाठता येतं. २००८ पासून ते जागतिक वारसा आहे. लिटिल इंडियात इडली-डोसा मिळतो, मारिअम्मनचं देऊळ आहे, दोन-अडीच तासांत परत.

पोर्ट क्लांगला जहाज थांबलं तर क्वालालंपूरला पळू नका. एका बाजूचा रस्ता तासाहून जास्त, आणि बटू केव्ह्ज या तिथल्या गुहामंदिराच्या २७२ पायऱ्या कडेवर मूल घेऊन चढणं हे सहलीत बसत नाही. तो दिवस जहाजावर राहा. सगळे खाली गेलेले असतात, घसरगुंडी रिकामी असते. फुकेतला जहाजं बहुधा पातोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. ढकलगाडी तिथे अडचणच, मूल अंगाशी बांधायचा पट्टा न्या.

शेवटची रात्र आणि सकाळ

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे आधी बाजूला काढा, मग बॅग बंद करा. आम्ही कपडे काढले, चपला विसरलो. थोरला सिंगापुरात मोजे घालून उतरला.

परतीचं विमान संध्याकाळचं किंवा रात्रीचं घ्या. जहाज सकाळी लागतं, पण उतरायची पाळी, इमिग्रेशन आणि टॅक्सीची रांग यात दुपार होऊ शकते. मधला वेळ गार्डन्स बाय द बेमधल्या मुलांच्या बागेत घालवा: प्रवेश मोफत, सोमवारी बंद, आणि अगदी लहानांसाठी कारंज्यांचा वेगळा भाग. आमच्या धाकटीला तलावाने चार दिवस नाकारलं होतं. इथे ती पाऊण तास पाण्यात बसून होती, आणि टॅक्सीत ओल्या डोक्याने झोपली ती चांगी विमानतळापर्यंत.